मावळातील चूल आणि तिची सुधारणा : घर उबदार ठेवणाऱ्या अग्नीचा विसरलेला इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या सामाजिक व आर्थिक इतिहासात जमीनमहसूल, पाटबंधारे, रेल्वे, गिरण्या आणि सहकार या विषयांवर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने घरातील अग्नी हा विषय उपेक्षित राहिला. चूल हा लोकसाहित्याचा, गृहविज्ञानाचा किंवा फार तर आरोग्यशिक्षणाचा विषय, अशी आपली समजूत झालेली दिसते. वास्तविक चूल हे घन इंधन जाळून उष्णता निर्माण करणारे आणि ती विविध कामांना पुरवणारे साधन आहे. त्याची रचना, त्याचे जळण, त्यावर श्रम करणारी व्यक्ती आणि त्यात बदल घडवू पाहणाऱ्या संस्था या सर्वांना इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका, विशेषतः कान्हे व त्याच्या आसपासचा प्रदेश, डोळ्यांसमोर ठेवून या इतिहासाचा विचार केला आहे. विसाव्या शतकात महाराष्ट्रात चूल सुधारण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांनी प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले : भांड्याला किती उष्णता मिळते, आणि घरात किती धूर राहतो. दोन्ही प्रश्न रास्त होते. मात्र पावसाळी मावळातील घराच्या दृष्टीने चुलीचे आणखी एक काम होते, ते म्हणजे घर कोरडे व उबदार ठेवण्याचे. हे काम सुधारकांच्या मोजमापात कधी आलेच नाही. सुधारित चुलींना जे मर्यादित यश लाभले, त्याचे एक महत्त्वाचे कारण या वगळलेल्या प्रश्नात शोधावे लागते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कान्हे परिसर : पाऊस, भात आणि सरपण

कान्हे हे पुणे-लोणावळा लोहमार्गावर वडगाव व कामशेत यांच्या दरम्यान वसलेले गाव. पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढाचा मार्ग पूर्ण होऊन मुंबई व पुणे जोडली गेली. कान्हे फाट्यावरून उत्तरेस टाकव्याकडे आणि पुढे आंदर मावळात जाता येते. सह्याद्रीच्या माथ्याशी असलेल्या लोणावळ्यात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस तळेगावकडे येऊ लागले की तो झपाट्याने कमी होतो. कान्हे या उताराच्या मधल्या पट्ट्यात येते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत येथील हवा दमट असते. तापमान फार उतरत नसले तरी भिंती ओल धरतात, कपडे वाळत नाहीत, धान्याला बुरशी लागते आणि लाकूड ओलसर राहते. कार्तिकानंतर रात्रीची थंडीही जाणवण्याइतकी असते.

या प्रदेशाचे मुख्य पीक भात. भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची पद्धत मावळात व कोकणात जुनी आहे. शेण, पालापाचोळा, झाडांच्या डहाळ्या व गवत यांचे थर जमिनीवर पसरून पावसापूर्वी जाळले जातात. म्हणजे चूल आणि राब यांची मागणी एकाच डोंगरउतारावरील जैविक साधनसंपत्तीवर होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वनखात्याने जंगले राखीव करण्यास प्रारंभ केल्यावर राबासाठी डहाळ्या तोडण्याचा हक्क हा वादाचा विषय झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमण्यात आला. जॉन ऑगस्टस व्होल्कर या कृषिरसायनशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात भारतीय शेतकरी शेण का जाळतो, याचे उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात न शोधता सरपणाच्या टंचाईत शोधले आणि इंधन व वैरण यांसाठी राखीव क्षेत्रे निर्माण करण्याची शिफारस केली. जळणाचा प्रश्न हा शेतीचाच प्रश्न आहे, ही जाणीव त्या काळी सरकारदरबारी पोहोचली होती. परंतु ते जळण ज्या साधनात जळते, त्या चुलीकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नव्हते.

याच मावळाने मुंबईला वीज दिली, ही गोष्टही येथे नोंदवणे आवश्यक आहे. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील जलाशयांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. आंदर मावळातील ठोकरवाडी जलाशयाच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये चालू झाले. या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ज्या खोऱ्यांतून हे पाणी गेले, तेथील घरांत मात्र पुढील कित्येक दशके उष्णतेचे एकमेव साधन डोक्यावरून आणलेली मोळी हेच होते.

चुलीची अनेक कामे

मावळातील पारंपरिक चूल मातीची, तीन बाजूंनी बंद व समोरून उघडी अशी असते. तिच्या शेजारी वैल असतो. मुख्य चुलीतील ज्वाला व तप्त वायू आतल्या मार्गाने वैलाखाली येतात आणि त्यावर ठेवलेले भांडे मंद आचेवर राहते. बाहेर पडणाऱ्या वायूंतील उष्णता दुसऱ्या भांड्याला देणे, हे तत्त्व आधुनिक भट्टीशास्त्रात महत्त्वाचे मानले जाते. वैल ही त्याच तत्त्वाची घरगुती व अनामिक योजना होय. तेव्हा चुलीच्या सुधारणेचा इतिहास संस्थांपासून सुरू होतो, असे समजणे बरोबर नाही. दरवर्षी चूल घालणाऱ्या, सारवणाऱ्या, तोंड लहानमोठे करणाऱ्या स्त्रिया या तिच्या पहिल्या रचनाकार होत्या.

या चुलीची कामे कोणती? पहिले अर्थात स्वयंपाकाचे. दुसरे आंघोळीचे पाणी तापवण्याचे. त्यासाठी अनेक घरांत परसात किंवा पडवीत वेगळे चुलवण असे. तिसरे काम वाळवण्याचे. चुलीच्या वर टांगलेल्या मांडणीवर उद्याचे सरपण ठेवले जाई. भिजलेली घोंगडी, पोरांची कपडे, बियाण्यासाठी राखलेली कणसे चुलीच्या आसऱ्याने सुकत. धुरामुळे छपरातील लाकूड, वासे व गवत यांना कीड कमी लागे. चौथे काम घर उबदार ठेवण्याचे. आवणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात उभे राहून आलेली माणसे संध्याकाळी चुलीभोवती बसत. लहान मुले, म्हातारी माणसे व आजारी यांची जागा चुलीजवळच असे. बाळंतिणीसाठी तर बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देण्याची रीत महाराष्ट्रभर प्रचलित होती.

शेवटच्या प्रथेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. निखाऱ्यांना धूर नसतो, म्हणून शेगडी निर्धोक वाटते. प्रत्यक्षात अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू निघतो. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणजे घर गरम करण्याची गरज खरी होती, आणि तिच्यासाठी उपलब्ध असलेले साधन धोक्याचे होते. सुधारणेची सर्वाधिक निकड जेथे होती, तो हा भाग. तरीही ‘धूर’ हा एकच निकष लावल्यामुळे निर्धूर शेगडी सुधारणेच्या कक्षेबाहेर राहिली.

दोन शेजारी : काचभट्टी आणि बंब

चुलीची स्थिती समजण्यासाठी तिच्या समकालीन दोन अग्निसाधनांशी तुलना उद्बोधक ठरते.

कान्ह्याच्या पूर्वेस काही मैलांवर असलेल्या तळेगाव दाभाडे येथे स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०८ मध्ये, पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. काच वितळवणाऱ्या भट्टीत जळणाचा खर्च जमाखर्चाच्या वहीत रोज मांडावा लागतो. भट्टीची वीट फुटली, हवा कमी पडली किंवा जळण ओले निघाले, तर नुकसान आकड्यांत दिसते. त्यामुळे भट्टीकडे लक्ष देणारा माणूस, तिचे धुराडे आणि तिची दुरुस्ती या गोष्टी कारखान्यात गृहीतच असतात. घरच्या चुलीचा असा कोणताही जमाखर्च नव्हता. सरपण गोळा करणारीचे श्रम, फुंकणीने फुंकताना गेलेला वेळ, सुजलेले डोळे आणि जडावलेली छाती यांची नोंद कोणत्याच वहीत होत नव्हती. जेथे हानी मोजली जात नाही, तेथे सुधारणेला चालना मिळत नाही.

दुसरे साधन बंब. तांब्याच्या उभ्या नळकांड्यातून मधोमध जाणारी नळी, तिच्या तळाशी जाळी, वरून जळण टाकण्याची सोय, भोवती पाणी आणि बाजूला तोटी, अशी त्याची रचना असते. नळी हेच बंबाचे धुराडे. धूर वर जाताना आपली उष्णता चोहोबाजूंच्या पाण्याला देत जातो. जाळीमुळे राख खाली पडते आणि निखाऱ्यांना खालून हवा मिळते. गोवरी, भुसा, नारळाच्या करवंट्या, लाकडाचे तुकडे असे किरकोळ जळणही त्यात चालते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांनी घडवलेले असे बंब वाड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. घन इंधनावरील घरगुती साधन उत्तम असू शकते, याचा हा आपल्या परिसरातील पुरावा. बंब टिकला याची कारणे तीन : त्याचे काम एकच व स्पष्ट होते, तो घडवणारा व दुरुस्त करणारा कारागीर जवळ होता, आणि तो विकत घेणारे घर त्याची किंमत देऊ शकत होते. चुलीच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

सुधारणेचे पहिले पर्व : वर्धा आणि हैदराबाद

चुलीच्या जाणीवपूर्वक सुधारणेचा महाराष्ट्रातील प्रारंभ वर्ध्यास झाला. अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना डिसेंबर १९३४ मध्ये झाली आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली मगनवाडी येथे घाणी, हातकागद, मधमाशीपालन यांबरोबर घरगुती साधनांवरही प्रयोग सुरू झाले. मगनलाल गांधी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूतूनच ‘मगन चूल’ पुढे आली. तिच्यात चुलीचे तोंड व भांड्यांची छिद्रे आतल्या बोगद्याने जोडलेली असून शेवटी धुराडे होते. ग्रामोद्योगाच्या विचारसरणीत चुलीला स्थान मिळाले, ही या टप्प्याची मोठी कामगिरी होय. गावाच्या अर्थव्यवस्थेत स्वयंपाकघराचाही समावेश होतो, हे यातून मान्य झाले.

त्यानंतर हैदराबाद येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीवर काम केले आणि १९५३ मध्ये सामान्यजनांच्या निर्धूर स्वयंपाकघराविषयीची त्यांची पुस्तिका प्रसिद्ध झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला होता. पुढे विस्तारकार्यातून व गृहविज्ञानाच्या शिक्षणातून निर्धूर चुलीची कल्पना गावोगाव नेण्यात आली. या काळातील दृष्टी आरोग्य व स्वच्छतेची होती. काळवंडलेल्या भिंती व पाणावलेले डोळे हे मागासलेपणाचे चिन्ह, आणि धुराडे हे प्रगतीचे चिन्ह मानले गेले. धुराड्याबरोबर उष्णताही बाहेर जाते, याचा विचार या चर्चेत फारसा आढळत नाही.

दुसरे पर्व : राष्ट्रीय कार्यक्रम

१९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जेकडे पाहण्याचा जगाचा दृष्टिकोन बदलला. एरिक एकहोम यांनी १९७५ मध्ये सरपणाच्या टंचाईला ‘दुसरे ऊर्जासंकट’ असे नाव दिले. चूल आता जंगलतोडीच्या संदर्भात पाहिली जाऊ लागली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या केंद्राने तीन भांड्यांची कार्यक्षम चूल विकसित केली. हरियाणातील नाडा या गावी मधू सरीन यांनी स्त्रियांनाच चूल बांधण्याच्या कामात सहभागी करून ‘नाडा चूल’ घडवली. याच सुमारास, १९८३ मध्ये, कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात जाणाऱ्या धुराचे मोजमाप प्रसिद्ध केले. चुलीच्या धुराला आकडा मिळाला.

या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो केंद्रीय योजना म्हणून थांबेपर्यंत देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद झाली. कार्यक्रमाचे यश बसवलेल्या चुलींच्या संख्येवर मोजले जाई. किती चुली वापरात आहेत, याला दुय्यम स्थान होते. अनुदानामुळे चूल स्वस्तात मिळे, पण बिघडल्यावर तिच्याकडे पाहणारे कोणी नसे. धुराड्याची अरुंद नळी काजळीने भरे. ती वेळेवर साफ केली नाही, तर धूर उलट घरात येई. कौलारू छपरातून नळी बाहेर काढायची म्हणजे पावसाच्या प्रदेशात गळतीला वाट करून देणे होते. लोणावळ्याच्या बाजूचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या अडचणीचे गांभीर्य वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

उष्णतेचा हिशेब

येथे मूळ प्रतिपादन एका साध्या हिशेबाने स्पष्ट करता येईल. पुढील आकडे उदाहरणादाखल घेतले असून त्यांचा हेतू प्रमाण दाखवणे एवढाच आहे.

हवेत वाळलेल्या एक किलो लाकडापासून सुमारे ३,५०० किलोकॅलरी उष्णता मिळते, असे धरू. संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी भांड्यांना ७०० किलोकॅलरी लागतात असे मानू. साध्या चुलीची कार्यक्षमता १० टक्के धरली, तर ७,००० किलोकॅलरी, म्हणजे दोन किलो लाकूड लागेल. उरलेल्या ६,३०० किलोकॅलरींपैकी काही भाग अपुऱ्या ज्वलनात वाया जाईल; बाकीची उष्णता चुलीच्या मातीत, भिंतीत, खोलीतील हवेत व छपराखाली पसरेल आणि मग बाहेर जाईल. सुधारित चुलीची कार्यक्षमता २० टक्के असेल, तर त्याच स्वयंपाकाला एक किलो लाकूड पुरेल. हे मोठेच यश होय. मात्र आता उरलेली उष्णता २,८०० किलोकॅलरी आहे आणि तिच्यातील निम्मी धुराड्याने बाहेर गेली, तर घराच्या वाट्याला १,४०० येतात. म्हणजे घराला मिळणारी ऊब पूर्वीच्या एकचतुर्थांशाहूनही कमी होते.

प्रयोगशाळेच्या भाषेत ६,३०० किलोकॅलरी हा ‘तोटा’ आहे. विदर्भातील मे महिन्यात तो खरोखरच तोटा, किंबहुना छळ आहे. मावळातील श्रावणात मात्र तोच घराचा उबारा आहे. एकाच भौतिक राशीला स्थळ व ऋतू यांनुसार भिन्न अर्थ प्राप्त होतो, हे सुधारकांच्या कोष्टकात बसणारे नव्हते.

याला आणखी एक बाजू आहे. ओल्या लाकडात ४० टक्के पाणी असेल, तर एका किलोमागे कोरडे लाकूड ६०० ग्रॅमच उरते आणि ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे २५० किलोकॅलरी खर्च होतात. याहून मोठी हानी अशी की, ज्योतीचे तापमान उतरते. लाकडाच्या वजनाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडतो. तो पुरेशा उष्णतेअभावी व हवेअभावी न जळता धूर होऊन जातो. चुलीवरच्या मांडणीत सरपण वाळवणे हा यावरचा घरगुती उपाय होता. आजच्या चुलीचा ‘तोटा’ उद्याचे जळण कोरडे करीत असे. बंदिस्त चूल व धुराडे आल्यावर हे वाळवण मंदावले असणार आणि भर पावसाळ्यात नव्या चुलीत ओले लाकूड जाऊन ती अधिक धुरावली असणार, असे मानण्यास जागा आहे. अशा वेळी गृहिणीने जुनी चूल पुन्हा पेटवली, तर तो तिचा हट्ट किंवा अज्ञान म्हणता येत नाही. तिच्या दृष्टीने तो पूर्ण विचारांती केलेला निर्णय होता.

पुण्यातील प्रयत्न

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या उत्तरार्धात पुणे हे चूल संशोधनाचे एक महत्त्वाचे केंद्र झाले. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘अॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’, अर्थात ‘आरती’, या संस्थेने चुलीचा विचार बाजारपेठेच्या अंगाने केला. धुराडे असलेली दोन भांड्यांची ‘लक्ष्मी’ आणि बिनधुराड्याची ‘भाग्यलक्ष्मी’ अशा चुलींचे साचे तयार करून कुंभार व लहान उद्योजक यांना प्रशिक्षण देण्यात आले. चूल फुकट वाटण्याऐवजी ती विकणारा आणि नंतर तिची काळजी वाहणारा माणूस गावातच असावा, ही यामागील भूमिका होती. बंबाच्या इतिहासाने जो धडा दिला होता, तोच येथे नव्याने शिकला गेला. उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याच्या कामासाठी या संस्थेला २००२ मध्ये आणि छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला. डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांनी घन इंधनाच्या स्वच्छ ज्वलनावर दीर्घकाळ काम केले.

पुणे परिसरातील खेड्यांत या चुलींचा घरातील हवेवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्म कण व कार्बन मोनॉक्साइड या दोहोंचे प्रमाण घटल्याचे त्यात दिसून आले. मात्र घटल्यानंतरही हवा आरोग्यदृष्ट्या सुरक्षित म्हणता येईल, अशी झाली नाही. ओडिशात सुधारित चुलींचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या रेमा हॅना, एस्थर डफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन यांच्या अभ्यासातही पहिल्या वर्षी धुराचा संपर्क कमी झाला, पण पुढे वापर व देखभाल घटत गेल्याने तो लाभ टिकला नाही, असे आढळले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये घन जैवइंधनाच्या सुवाह्य चुलीसाठी केलेले मानक २०१३ मध्ये सुधारण्यात आले. त्यात नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या चुलीसाठी किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीसाठी ३५ टक्के औष्णिक कार्यक्षमता ठरवण्यात आली. शिवाय उत्सर्जनाच्या मर्यादाही घालण्यात आल्या. मोजमाप अधिक काटेकोर झाले. तथापि खोलीला मिळणारी उष्णता ही मोजण्याची बाब आहे, असे याही वेळी कोणाला वाटले नाही.

अन्य देशांतील अनुभव

घर उबदार ठेवणाऱ्या घन इंधनाच्या भट्टीची सुधारणा ज्या देशांनी हा प्रश्न प्रथमपासून सरळ विचारला, तेथे कशी झाली, हे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. स्वीडनमध्ये सरपणाची टंचाई जाणवू लागल्यावर शासनाच्या सांगण्यावरून कार्ल योहान क्रॉनस्टेट व फाबियान व्रेडे यांनी १७६७ मध्ये विटांच्या व चिनी मातीच्या फरशांच्या शेगडीची नवी रचना मांडली. तप्त वायू थेट धुराड्यात न सोडता त्यांना आतील वळणावळणाच्या मार्गांनी खालीवर फिरवायचे, त्यांची उष्णता विटांच्या वजनदार देहात साठवायची आणि ती पुढे तासन्‌तास खोलीत झिरपू द्यायची, ही त्यातील मुख्य कल्पना. धूर बाहेर, ऊब आत, असे हे तत्त्व होते. १७९० च्या दशकात काउंट रम्फर्ड यांनी खोली तापवणारी शेगडी व स्वयंपाकाची बंद चूल यांच्यासाठी दोन स्वतंत्र रचना दिल्या आणि दोन कामांचे निकष वेगळे केले.

मावळाला स्वीडनची शेगडी हवी आहे, असे अर्थातच नाही. येथील गरज कमी तीव्रतेची व मोसमी आहे. परंतु धूर आणि उष्णता या दोन गोष्टी एकमेकींपासून विलग करता येतात, हा त्या अनुभवाचा सारांश येथेही लागू पडतो. धुराड्यापूर्वी तप्त वायूंना वैलाप्रमाणे आणखी एक वळसा देणे, त्या मार्गावर पाण्याचे भांडे किंवा सरपण वाळवण्याचा कप्पा ठेवणे, चुलीचा मागचा भाग जाड मातीचा करून उष्णता साठवणे, या गोष्टी स्थानिक कारागिराच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. मात्र वायू फार थंड झाले तर धुराड्याची ओढ मंदावते आणि काजळी वाढते. म्हणून येथे अनुभवाने व मोजमापाने समतोल साधावा लागतो.

गॅस आल्यानंतर

१ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ग्रामीण घरांत गॅस पोहोचण्याचा वेग वाढला. कान्हे परिसर तर लोहमार्ग, महामार्ग व तळेगावची औद्योगिक वसाहत यांच्या सान्निध्यात असल्याने येथील स्वयंपाकघरे बरीच बदलली आहेत. तरीही मावळातील अनेक घरांच्या परसात पाणी तापवण्यासाठी चुलवण किंवा बंब दिसतो आणि पावसाळ्यात जुनी चूल पुन्हा पेटते. गॅसने चुलीचे पहिले काम घेतले. वाळवण्याचे व घर उबदार ठेवण्याचे काम त्याला परवडण्याजोगे नाही. ‘चूल का सुटत नाही’ या प्रश्नाची चर्चा बहुधा सिलिंडरच्या किमतीभोवती फिरते. किमतीचे कारण खरे आहे, पण ते एकमेव नाही. ज्या कामांना पर्याय दिला गेला नाही, त्या कामांसाठी चूल शिल्लक राहते, आणि तिच्याबरोबर धूरही शिल्लक राहतो. त्याची किंमत पूर्वीप्रमाणेच घरातील स्त्रिया व मुले यांची फुप्फुसे मोजत असतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, महाराष्ट्रातील चूल सुधारणेच्या प्रत्येक पर्वाने आपापल्या काळातील चिंतेनुसार चुलीचा एकेक गुण निवडला : प्रथम स्वच्छता, नंतर जंगल, त्यानंतर आरोग्य. वापरणारीच्या दृष्टीने चूल मात्र नेहमीच अनेक कामांचे एकत्रित साधन होती. दुसरा, जेथे कारागीर, ग्राहक व दुरुस्ती यांची साखळी जुळली, तेथे घन इंधनाचे साधन टिकले. जेथे केवळ अनुदान व उद्दिष्ट होते, तेथे ते टिकले नाही. तिसरा, पावसाळी प्रदेशात घराला ऊब देणे ही गौण सोय नसून मूलभूत गरज आहे, आणि ती वगळून केलेली सुधारणा अपुरी ठरते.

याच तालुक्यात, वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात, आंबेमोहर १५७ व आय.आर. ८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हे भाताचे वाण विकसित होऊन १९८७ मध्ये प्रसारित झाले. उत्पादन वाढवताना आंबेमोहराचा सुवास व भाताची चव राखली पाहिजे, हे त्या संशोधकांनी ओळखले होते. केवळ क्विंटलमध्ये मोजून चालणार नाही, हे त्यांना उमगले, आणि म्हणूनच शेतकऱ्याने ते वाण आपले मानले. चुलीच्या बाबतीत हा विवेक दाखवण्याची संधी अद्याप गेलेली नाही. मावळातील घराघरांत पावसाळ्यातील उष्णतेची गरज किती, ती कोणत्या साधनाने भागवली जाते आणि त्यात धुराचा वाटा किती, याची नोंद स्थानिक महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, गृहविज्ञान, अर्थशास्त्र व इतिहास या विभागांनी एकत्रितपणे घेणे शक्य आहे. काचभट्टीचा जमाखर्च ज्या तालुक्यात शतकापूर्वी मांडला गेला, तेथे चुलीचा जमाखर्च मांडण्यास आता विलंब होऊ नये.